मावशीची घोडी

विजेवर नाचणारी घोडी पाठीवरच्या नवरदेवासकट तापीचा पूल ओलांडून सरळ पलीकडच्या तालुक्यात निघून गेली, त्या वर्षीची ही गोष्ट. तिकडं ती एका भलत्याच मांडवापाशी थांबली. तिथल्या बायकांनी नवरदेवाला ओवाळलं, आत नेलं, आणि नवरीच्या मामानं मुंडावळ्या बाजूला सारून तोंड बघितलं म्हणून बरं. नाहीतर त्या माणसाचा संसार आज वेगळ्याच घरी चालू असता. घोडीत बिघाड काही नव्हता. तिच्या नकाशात गावाचं नाव भरताना एक काना चुकला होता.

घोडीचा मालक कल्पेश गिरासे, मुक्काम कुरंगखेडे. वय पस्तिशीच्या अलीकडं-पलीकडं. अशा नऊ घोड्या त्याच्या शेडमध्ये भिंतीला वायर लावून उभ्या असायच्या. चंदी नाही, खरारा नाही, लीद नाही. 'यांत्रिक वरातघोडी मालक संघ' नावाची संघटना त्यानं उभी केली होती आणि तिचा अध्यक्षही तोच होता. पळालेला नवरदेव परत आणायला तो स्वतः गेला, हेही सांगायला हवं. माणूस जबाबदार होता.

खऱ्या घोड्या मागं पडल्या त्या सर्र्यामुळं. सर्रा हा घोड्यांचा, उंटांचा, गुराढोरांचा जुना रोग. ताप चढतो, उतरतो, जनावर खंगत जातं, मागचे पाय लुळे पडतात. शेवटी नाकातून सूं-सूं वारा वाजायला लागतो. त्या आवाजावरूनच हे नाव पडलं आणि इंग्रज साहेबांनी ते इथूनच उचलून आपल्या पुस्तकात घातलं, असं म्हणतात. जुनी औषधं होती तोवर भागत होतं. मग जंतू औषधांना सरावले आणि दोन हंगामांत अर्ध्या पागा ओस पडल्या.

त्या धांदलीत कल्पेशच्या संघानं तालुक्यासाठी एक नियम करून घेतला. वरातीच्या जनावराच्या रक्तात सर्रा सापडला की सात दिवसांत त्याला शांत करायचं. 'मारायचं' असं लिहायला बैठकीत कुणाचा हात धजेना, तेव्हा 'शांत करायचं' हे कल्पेशनंच सुचवलं. आणि एकदा बाधित ते कायम बाधित, मग पुढं बरं झालं तरी. कारण घोडेवाले औषध टोचून जंतू चार दिवस लपवतात, हा मुद्दाही त्याचाच. अपवाद नाही, हे त्यानं दोनदा लिहून घेतलं. नियमाचा परिणाम तुमच्या ध्यानात आलाच असेल. रक्त तपासायला कुणी घोडं पुढं करेना. ज्यांच्याकडं होती त्यांनी ती रातोरात हद्दीपलीकडच्या पाहुण्यांकडं पोचवली.

गावात उघडपणे घोडी ठेवणारं एकच माणूस उरलं, केशरमावशी. कल्पेशची ही सख्खी मावशी. आई लवकर गेली तेव्हा हिनंच त्याला वाढवलं, तेही पागेतच. तिच्याकडं एकच घोडी राहिली होती, पांढरीशुभ्र, गुलाबी नाकाची; नाव गुलछडी. हलगीच्या ठेक्यावर ती अशी पावलं टाकायची की नवरदेवाकडं बघायला कुणाला सवड नसायची. गुलछडी जन्मली तेव्हा तिला बाहेर ओढणारे हात कल्पेशचे होते.

नियम झाल्यापासून मावशी-भाच्यात बोलणं नव्हतं. रस्त्यात समोरासमोर आले तर मावशी शेजारच्या कुत्र्याला सांगायची, "बाजूला हो रे भो, अध्यक्ष चाललेत."

आता आतली गोष्ट. मंगळवारी आठवडी बाजार. मावशी बाजारात गेली की कल्पेश मागच्या कुंपणातून पागेत शिरायचा. यांत्रिक घोड्या नाचायच्या, पण शिवणयंत्रासारख्या. म्हणून त्यानं गुलछडीच्या चारी पायांना मोजमापाचे पट्टे बांधून तिची चाल उतरवून घ्यायचं ठरवलं होतं. याला चोरी म्हणतात, आणि त्याला ते ठाऊक होतं. मात्र चालीचं मोजमाप पहिल्याच मंगळवारी पुरं झालं. त्यानंतरही तो दर मंगळवारी जात राहिला. पट्टे खिशातच असायचे. तो घोडीला खरारा करायचा, आयाळीची वेणी घालायचा आणि मावशी यायच्या आत निघायचा.

अशाच एका मंगळवारी ऊन कडक होतं आणि गुलछडीच्या पोटाखाली एक गोमाशी रक्त पीत होती. गोमाशीचं तोंड सुईसारखं नसतं, कात्रीसारखं असतं. ती कातडं कापते आणि वर आलेलं रक्त चाटते. जनावराला ते झोंबतं, ते शेपटी मारतं, माशी अर्धपोटी उठते आणि हाताच्या अंतरावर जे कुणी असेल त्याच्यावर बसून जेवण पुरं करते. गुलछडीनं शेपटी मारली. जवळ कल्पेश होता.

तीन आठवड्यांनी त्याला ताप आला. गावातल्या डॉक्टरांनी आधी डेंग्यू म्हटलं, मग मलेरिया, मग नुसतंच 'व्हायरल'. ताप जायचा, यायचा. दुपारी तो जेवता-जेवता झोपी जायला लागला आणि रात्री छताकडं बघत जागा राहायला लागला. शेवटी बायकोनं, मोनालीनं, त्याला गाडीत घातलं आणि शहरात नेलं. तिथं एकानं रक्त काचेवर घेतलं, सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला आणि न बोलता शेजारच्या सर्रा संशोधन केंद्राला फोन केला.

केंद्राच्या प्रमुख डॉ. ऋतुजा देवरे. मूळच्या पुण्याच्या, जनावरांच्या डॉक्टर, पण इथं माणसांसाठीही सहा खाटांचा वॉर्ड होता. त्यातली एकच भरली होती. त्यांनी मोनालीला पडद्यावर रक्त दाखवलं. वाम माशाच्या पिल्लांसारखे लांबट जीव लाल पेशींना ढुशा देत वळवळत होते.

"हा सर्रा," देवरे म्हणाल्या.

"तो घोड्यांना होतो," मोनाली म्हणाली.

"माणसाला होत नाही, कारण आपल्या रक्तात एक प्रथिन असतं. जंतू ते खाद्य समजून गिळतो, ते आत जाऊन त्याला भोक पाडतं आणि तो फुगून फुटतो. लाखोंत एखादा माणूस असा निघतो की त्याच्याकडं त्या प्रथिनाचा जनुक आईकडूनही मोडका आलेला असतो आणि वडिलांकडूनही. तुमचे मिस्टर त्यातले."

"लग्नाआधी पत्रिका बघितली होती मी. छत्तीसातले अठ्ठावीस जुळत होते. हे नव्हतं कुणी सांगितलं."

देवरेंनी हसू आवरलं आणि पुढचं समजावलं. ते असं. या जंतूच्या अंगावर एकाच जातीच्या प्रथिनाचा दाट अंगरखा असतो. शरीराचे शिपाई तो ओळखायला शिकतात, त्याच्याविरुद्ध प्रतिपिंडं बनवतात, कत्तल होते, ताप उतरतो. पण कोट्यवधींतल्या दोन-चारांनी तोवर अंगरखा बदललेला असतो. ते वाढतात, ताप चढतो, शिपाई पुन्हा पहिल्या धड्यापासून शिकायला बसतात. अंगरखे पेटाऱ्यात हजारावर. शिपायांची दमछाक होते आणि जंतू एक दिवस मेंदूच्या दारात जाऊन उभा राहतो.

केंद्रात यावर एक यंत्र होतं. नाव शिंपी. जंतूचा पुढचा अंगरखा कोणता असेल हे ते आधीच ओळखायचं आणि त्याच्या मापाची प्रतिपिंडं शिवून ठेवायचं. कपडे बदलून चोर बाहेर येतो तर पोलीस दारातच उभा, असा हिशेब. अडचण एकच होती. पेटाऱ्यातले अंगरखे कोणत्या क्रमानं निघतात, हे जंतूच्या प्रत्येक वाणाचं वेगळं असतं. तो क्रम कळायला ज्या जनावरावरून माशी आली त्याचं रक्त लागतं. त्या जनावराच्या अंगात तोच जंतू कितीतरी अंगरखे पुढं गेलेला असतो आणि मागच्या प्रत्येक अंगरख्याची प्रतिपिंडं तिथं शिल्लक असतात.

"म्हणजे ते जनावर सापडलं तर हे वाचतील?" मोनालीनं विचारलं.

"सापडलं तर."

"आणि नाही तर?"

"महिना. फार तर सव्वा."

देवरे कल्पेशच्या खाटेपाशी गेल्या. "गिरासे, गोमाशी कुठं चावली?"

"मानेवर."

"गावात कुठं, असं विचारतेय मी. जवळ कुठलं जनावर होतं?"

"पुलावर चावली," कल्पेश म्हणाला. "जवळ म्हशी होत्या."

पुलावरच्या म्हशी तपासल्या. साऱ्या ठणठणीत. देवरेंनी पुन्हा विचारलं, त्यानं पुन्हा पूल सांगितला. त्याला पक्कं ठाऊक होतं कोणती माशी आणि कोणती घोडी. हेही ठाऊक होतं की नाव घेतलं की सातव्या दिवशी गुलछडी शांत. नियमाचा शब्दन् शब्द त्याला पाठ होता. कुठं फट राहू नये म्हणून त्यानंच तर तो तीनदा वाचला होता.

आता वॉर्डातल्या 'काना'बद्दल सांगतो. प्रत्येक खाटेच्या डोक्याशी 'कान' नावाचं एक यंत्र लावलेलं होतं. रुग्ण आणि डॉक्टर जे बोलतील ते ऐकून ते नोंदवहीत उतरवायचं. ते तयार झालं होतं कुठंतरी लांब आणि त्याला 'माशी' हा शब्द काही केल्या ऐकू यायचा नाही. रुग्ण म्हणायचा माशी चावली, कान लिहायचा मावशी चावली. एका पोराच्या कागदावर 'रुग्णास मावशी चावली' असं छापून आलं आणि त्याची खरोखरीची मावशी खिडकीवर येऊन तासभर भांडून गेली. तेव्हा वैतागून देवरेंनी कानाला कायमचं बजावलं होतं, मावशी ऐकू आलं की माशी लिही. त्यानं गोमाशीचा प्रश्न मिटला. पण वॉर्डात खाटा आवरणाऱ्या, रुग्णांचं अंग पुसणाऱ्या बाईंनाही सगळे मावशीच म्हणतात. त्यामुळं नोंदींत 'माशीने चादर बदलली', 'माशीने रुग्णास पेज भरवली' असली वाक्यं पडायची आणि ती वाचायचं डॉक्टरांनी केव्हाच सोडून दिलं होतं.

चौथ्या तापात कल्पेश बडबडायला लागला. मोनाली बाहेर बाकावर डुलक्या घेत होती. सकाळी आत आली तेव्हा तो निपचित पडला होता आणि पडद्यावर रात्रीची बडबड उमटलेली होती. तिनं सहज वाचली.

"माशीची घोडी. माशीला सांगू नका. माशी बाजारात गेली की जातो."

देवरे मागून आल्या. "तापातलं आहे. सोडून द्या."

"डॉक्टर, बाजारात जाते ती कोणती माशी?"

"अहो, ते यंत्र मावशीच्या जागी..." देवरे बोलता-बोलता थांबल्या. मोनाली तोवर पायऱ्या उतरत होती.

केशरमावशी अंगणात चंदी भिजवत बसली होती. मोनालीला बघून तिनं पदर सारखा केला. "ये सूनबाई. अध्यक्षांची तब्येत कशी?"

"मरायला टेकलेत."

मावशीचा हात घमेल्यात थांबला. मोनालीनं सगळं सांगितलं. जंतू, अंगरखे, माशी, मंगळवार. मंगळवारपाशी येताना ती जरा अडखळली.

"ते मला नको सांगू," मावशी म्हणाली. "दर मंगळवारी माझ्या घोडीची वेणी कोण घालून जातं, ते मला कळत नाही का? कुंपणातला काटा मीच बाजूला काढून ठेवायची. पँट फाटायची ना त्याची."

"मग बोलला का नाहीत त्यांच्याशी?"

"तो काबर नाही बोलला?"

मोनाली घमेल्यापाशी खाली बसली. ती म्हणाली, "मावशी, घोडीचं रक्त द्या."

"दिलं तर सातव्या दिवशी हिला नेतील. कुणी लिहिलंय ते?"

"तुमच्या भाच्यानं."

"अक्षर बरं आहे त्याचं. मीच गिरवून घेतलं होतं." मावशी उठली आणि हात पुसून पागेत गेली. बराच वेळ बाहेर आली नाही. आली तेव्हा गुलछडीच्या अंगावर मखमली झूल होती, कपाळावर गोंडे होते, पायांत चाळ होते. मागून दोन हलगीवाले आले. त्यांना केव्हा आणि कसं बोलावलं, हे मोनालीला शेवटपर्यंत कळलं नाही.

"हे कशाला, मावशी?"

"गुपचूप नेली तर लोक म्हणतील, केशरनं रोगट घोडी लपवली होती. ही आजवर जिथं गेली तिथं वाजत गेली."

संशोधन केंद्राच्या फाटकातून असा रुग्ण पूर्वी कधी आला नव्हता. गुलछडी हलगीवर नाचत आत आली, शास्त्रज्ञ खिडक्यांत गोळा झाले, आणि सूक्ष्मदर्शकाशी बसलेल्या देवरेंना रक्त नंतर घ्यावं लागलं, कारण आधी घोडी थांबेचना.

रक्त बघून देवरे खुर्चीत मागं टेकल्या. जंतू होते, पण अगदी थोडे. घोडी तीन वर्षं तरी बाधित असावी आणि तरी ती मेली नव्हती. तिचे शिपाई प्रत्येक अंगरख्याला पुरून उरत आले होते. शेकड्यांनी अंगरख्यांची प्रतिपिंडं तिच्या रक्तात जमा होती. कल्पेशच्या अंगातला जंतू आज जो अंगरखा घालणार होता तो ती कधीच बघून चुकली होती. शिंपीला रक्ताचा नमुना दिला. दुपारपर्यंत पहिली सुई तयार झाली.

पण बातमी हलगीसकट पसरलेली होती. दुसऱ्या दिवशी सर्रा नियंत्रणाचे निरीक्षक उमाळे दारात हजर. सडसडीत माणूस, शिक्का नेहमी खिशात.

"मॅडम, बाधित घोडी तुमच्या आवारात आहे. सात दिवस."

"तिचं रक्त दर आठ दिवसांनी लागणार आहे. जंतूचा एक अंगरखा मारला की तो दुसऱ्यात जातो, आणि घोडी कायम त्याच्या पुढं असते."

"नियमाला अपवाद नाही. दोनदा लिहिलंय."

"अपवाद मी मागतच नाही. सापाच्या विषावरची लस कशापासून काढतात, उमाळे? घोड्यापासून. नियम वरातीच्या जनावराला आहे. ही आता जनावर नाही, औषध आहे."

उमाळे विचारात पडले. माणूस वाईट नव्हता, फक्त कागद चुकलेला त्याला सहन होत नसे. शेवटी ते म्हणाले, "औषध असेल तर लेबल कुठंय?"

म्हणून लेबल छापलं गेलं आणि घोडीच्या गळ्यात घंटीशेजारी बांधलं गेलं. 'थंड व कोरड्या जागी ठेवावे. लहान मुलांपासून दूर ठेवावे. वापरण्यापूर्वी चांगले हलवावे.' शेवटचं वाक्य वाचून दाखवल्यावर केशरमावशी म्हणाली, "ते हलगीवाल्यांना सांगा."

कल्पेश शुद्धीवर आला तो पाचव्या सुईनंतर. डोळे उघडले तेव्हा खिडकीबाहेर गोमाशा अडवणारी बारीक जाळी लावलेला मांडव होता, मांडवात गुलछडी होती आणि स्टुलावर मावशी बसली होती.

"आली का जाग?" मावशी म्हणाली. आजूबाजूला कुत्रं नव्हतं, त्यामुळं त्यालाच उद्देशून बोलावं लागलं.

"कुणी सांगितलं?"

"तूच. झोपेत."

तो भिंतीकडं वळला. मावशीनं त्याचं तोंड धरून पुन्हा आपल्याकडं वळवलं आणि पेजेचा चमचा आत घातला. दोघांत जे काही बोलायचं राहिलं होतं ते एवढ्यावर भागलं.

पुढचे तीन महिने औषध वेळेवर मिळत गेलं. ताप लांबत गेला, झोप रात्रीची झाली, गालांवर मांस चढलं. शिंपी दर खेपेला हुशार होत होता. आणि एक दिवस देवरे हसत आत आल्या. पेटारा तळापर्यंत वाचून झाला होता. अजून एक सुई, मग कल्पेश साफ बरा आणि घोडीचीही गरज नाही.

मोनालीनं हात जोडले. कल्पेशनं विचारलं, "आणि गुलछडी?"

देवरेंचं हसू मावळलं. घोडीचा सर्राही शिंपी बरा करू शकत होता, त्यात अडचण नव्हती. पण एकदा बाधित ते कायम बाधित. रुग्ण बरा झाला की औषध संपलं. औषध संपलं की उरलं ते वरातीचं जनावर.

कल्पेशनं संघाची बैठक बोलावली. अशक्त होता, तरी उभा राहून बोलला. म्हणाला, नियम मीच आणला, मीच मागं घ्या म्हणतो. बऱ्या झालेल्या जनावराला सोडा, एवढं एक वाक्य घाला. उपाध्यक्ष हितेशनं सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"अध्यक्ष, तुम्हीच शिकवलं ना आम्हाला? एक फट ठेवली की उद्या पन्नास घोडेवाले तिच्यातून घुसतील."

"हो, म्हणालो होतो मी तसं."

"फार छान बोलला होतात. आम्ही ते छापून लावलंय." आणि हितेशनं खरोखरच कल्पेशच्या मागच्या भिंतीकडं बोट केलं.

हात वर झाले. कल्पेशच्या बाजूनं एक हात होता, त्याचा स्वतःचा. वॉर्डात परतताना त्यानं अध्यक्षपदाचा बिल्ला काढला आणि खिशात टाकला.

सुईचा दिवस आला. वॉर्डात मावशी होती, मोनाली होती, दाराशी उमाळे बॅग घेऊन उभे होते. त्यांना आज एक ना एक कागद पुरा करायचा होता. देवरेंनी सुई भरली.

"डॉक्टर, किती राहिलेत आत?" कल्पेशनं विचारलं.

"मूठभर."

"नाही मारले तर?"

"तर महिन्या-दीड महिन्यानं ताप येईल. पुन्हा घोडीचं रक्त, तात्पुरता उतार, पुन्हा ताप. जन्मभर. माशांच्या दिवसांत जाळीबाहेर पडता येणार नाही, कारण तुमच्यावरून उठलेली माशी दुसऱ्याच्या घोड्यावर बसली तर तो गेला. गिरासे, हा पर्याय नाही. मी सांगतेय म्हणून तो पर्याय होत नाही."

"बायकोला धोका?"

"काही नाही. तिच्या रक्तात तो जंतू घटकाभरही टिकणार नाही. गुलछडीपाशीही तुम्ही बसू शकता, दोघांकडं एकच वाण आहे. पण मी हे..."

"सुई घे," मावशी मध्येच म्हणाली. "घोडी म्हातारी झाली. तुला मी घोडीसाठी वाढवलं नाही."

कल्पेशनं मोनालीकडं बघितलं. "तू सांग."

"मला नका विचारू. मी एकदा जाऊन सांगितलं म्हणून घोडी इथवर आली." ती खिडकीशी गेली. बाहेर गुलछडी एका पायावरचा भार दुसऱ्या पायावर घेत उभी होती. मोनाली पाठमोरीच बोलली. "ताप तुमच्या अंगात येणार आणि जागरण माझ्या डोळ्यांत. म्हणजे अर्धा ताप माझा. माझ्या अर्ध्याचं मी बघते. तुमच्या अर्ध्याचं तुम्ही ठरवा."

कल्पेशनं वर सारलेली बाही खाली ओढली आणि मनगटाचं बटण लावलं. "राहू द्या थोडे," तो म्हणाला.

देवरेंनी सुई ताटलीत टाकली. आवाज जरा मोठा झाला. मग त्या काहीतरी वैद्यकीय बोलल्या, त्यातलं 'मूर्खपणा' एवढंच सगळ्यांना समजलं, आणि बाहेर निघून गेल्या. मावशीनं भाच्याच्या पाठीत एक जोरदार धपाटा घातला आणि तो हात तिथंच ठेवला.

उमाळेंनी बॅग उघडली. औषधाची आजवरची नोंद तात्पुरती होती, आता कायमची करायला हवी होती. त्यांनी गुडघ्यावर कागद ठेवला आणि रकाने भरायला घेतले. औषधाचं नाव, गुलछडी. स्वरूप, द्रव, साठवण घोडीत. रुग्ण, एक. मग त्यांचं पेन अडलं.

"मुदत संपण्याची तारीख?"

मोनालीनं मावशीकडं बघितलं.

"औषधाला तारीख लागतेच. तारखेशिवाय मला शिक्का मारता येत नाही."

"घोडी किती जगते, ते कुणी सांगावं?" मावशी म्हणाली.

"माझी घाला," कल्पेश म्हणाला.

"तुमची कुठली?"

"जी असेल ती."

उमाळेंनी पेन झटकलं, रकान्यात 'रुग्णाप्रमाणे' असं लिहिलं आणि शिक्का मारला.